होम्स 'गुप्तहेर' कसा?

प्रश्न असा: गुप्तहेर म्हणजे शत्रूच्या गोटात शिरून बातम्या काढणारा. मग आर्थर कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सला आपण सर्रास गुप्तहेर म्हणतो, ते चूकच ना?

शंका रास्त आहे. हेर म्हटलं की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात. होम्सचं गुप्त असं काय आहे? बेकर स्ट्रीटचा पत्ता जगजाहीर, अशील जिना चढून थेट खोलीत, आणि उरलंसुरलं गुपित त्याचा मित्र वॉटसन छापून मोकळा! १८८७च्या पहिल्याच कादंबरीत होम्स आपला धंदा सांगतो तोही वेगळा: सरकारी आणि खासगी डिटेक्टिव्ह अडले की त्याच्याकडे सल्ल्याला येतात. पण 'सल्लागार गुप्तहेर' म्हणावं, तर तो हेरखात्याचा निवृत्त साहेब वाटतो.

दुसरा शब्द तरी कुठून आणायचा? 'तपासनीस' म्हटलं की दारात पोलीस उभा राहतो. बंगालीतला ब्योमकेश बक्षी स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतो. आपल्याकडे 'सत्यशोधक' म्हणायची सोय नाही, १८७३पासून तो शब्द जोतीरावांच्या समाजाचा. हिंदीवाल्यांचा 'जासूस'ही मुळात हेरच.

मला विचाराल तर 'गुप्तहेर'मधलं 'गुप्त' सोडून द्या आणि 'हेर'कडे बघा. त्याच्या मागे 'हेरणे' उभं आहे. संधी हेरतात, वर्म हेरतात, घार पिल्लू हेरते. नुसतं बघणं नव्हे. नेमकं काय टिपायचं ते कळून बघणं. १८९१च्या 'अ स्कँडल इन बोहेमिया'त होम्स वॉटसनला विचारतो, खालून या खोलीत येणाऱ्या पायऱ्या किती? शेकडो वेळा चढूनही वॉटसनला सांगता येत नाही. सतरा, होम्स म्हणतो. तू बघतोस, पण निरीक्षण करत नाहीस. हा 'निरीक्षण' शब्द तिथे शाळा तपासायला आल्यासारखा वाटतो. मी भाषांतर केलं असतं तर लिहिलं असतं, 'तू बघतोस, हेरत नाहीस.'

तेव्हा गुप्तहेर खुशाल म्हणा. कोशातल्या अर्थाचाच आग्रह असेल, तर १९१७ची 'हिज लास्ट बो' वाचा. पहिलं महायुद्ध तोंडावर आलंय आणि होम्स आयरिश-अमेरिकन आल्टमाँट बनून फॉन बोर्क नावाच्या जर्मन हेराला खोटी माहिती पुरवतोय. त्या कथेत तो शब्दशः गुप्तहेर आहे.