बायॉलॉजिकल एज: जैविक वय की जैविक आयु? आणि थोराड माकडाचं काय?

कोथरूडच्या एक ताई शाळकरी मुलांसाठी माकडांच्या वयावरच्या संशोधनाबद्दल मराठीत लेख लिहितायत. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: बायॉलॉजिकल एजला जैविक वय म्हणू की जैविक आयु, एजिंगला वार्धक्य चालेल का, आणि 'एपिजेनेटिक एज अ‍ॅक्सिलरेशन' हे जे लांबलचक प्रकरण आहे त्याचं काय करू.

ताई, आयु आधी काढून टाका. हिंदीत आयु म्हणजे सरळ वय, पण आपल्याकडे दीर्घायुषी, अल्पायुषी, आयुर्मान हे सगळं एकूण किती जगणार याबद्दलचं आहे, आज किती वर्षांचे झालो याबद्दलचं नाही. आणि तुमच्या विषयात ही दोन्ही शेजारी शेजारी येतात म्हणून घोटाळा जास्तच होईल. ऱ्हीसस माकड जास्तीत जास्त ४२ वर्षांपर्यंत जगल्याचं धरतात आणि माणूस साधारण १२२, मग शास्त्रज्ञ वयाला या कमाल आयुर्मानाने भागतात आणि जे येतं त्याला सापेक्ष वय म्हणतात, म्हणजे १० वर्षांचं ऱ्हीसस हे माणसाच्या हिशोबात साधारण २९ वर्षांचं झालं. आता यात भागायचं ते वय आणि ज्याने भागायचं ते आयुर्मान, दोन्हीकडे आयु लिहिलंत तर सातवीतलं पोर वही मिटून क्रिकेट खेळायला जाईल.

जैविक वय, म्हणजे शरीराच्या आतल्या बदलांवरून काढलेलं वय, हे ठीक आहे, रुळलंय. जैविक म्हटलं की आपल्याला आधी खत आठवतं हे खरं, पण चालतं. क्रोनॉलॉजिकलला मात्र 'कालानुक्रमिक वय' लिहू नका प्लीज, 'जन्मतारखेचं वय' लिहा, एका फटक्यात कळतं.

एपिजेनेटिकला अधिजनुकीय म्हणा, अधि म्हणजे वरचं, जनुक आपला रुळलेला शब्द. जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये एपिजेनेटिक्स हा शब्द वापरात आणला तेव्हा डीएनएची रचना कळायचीच होती, आज मात्र त्याचा अर्थ बराच ठोस झालाय. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण काही ठिकाणी सी या अक्षरावर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटतो किंवा सुटतो, आणि वय वाढतं तसं कुठल्या जागी चिकटणार नि कुठून सुटणार हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. स्टीव्ह होर्व्हाथ या शास्त्रज्ञाने २०१३ मध्ये अशा ३५३ जागा निवडून माणसाचं वय सांगणारं गणित मांडलं (अशा गणितालाच 'घड्याळ' म्हणतात), चूक साधारण साडेतीन वर्षांच्या आसपास, आणि ते चिंपांझींनाही बऱ्यापैकी लागू पडलं. पुढे ऱ्हीसस आणि बबून (आफ्रिकेतली मोठी माकडं) यांच्यासाठी वेगळी घड्याळं तयार झाली.

वार्धक्य नको, का ते सांगते. हे घड्याळ म्हातारपणी सुरू होत नाही, उलट लहानपणी सगळ्यात भराभर पळतं आणि मोठेपणी एका संथ गतीला येतं. तान्ह्या पिल्लाला वार्धक्य कसं लावणार? 'वय वाढणं' लिहा, किंवा 'वयोमानाने होणारे बदल'.

आता अ‍ॅक्सिलरेशन. खरं सांगायचं तर मूळ इंग्रजी शब्दच चुकीचा निवडलाय असं माझं मत. भौतिकशास्त्रातला त्वरण शब्द इथे आणलात तर अर्थ पार बिघडेल, कारण बहुतेक वेळा एकदाच रक्त घेतात, घड्याळाने सांगितलेलं वय आणि त्या जन्मतारखेला अपेक्षित असलेलं वय यातला फरक काढतात, बास. वेग वगैरे काही मोजलेलाच नसतो. म्हणून 'वयातली तफावत' लिहा, पुढे की मागे ते सोबत सांगा.

आणि मुलांना समजवायला मराठीत दोन झकास शब्द आयतेच आहेत, थोराड आणि वयचोर. केनियातल्या अंबोसेली भागात बबूनांवर १९७१ पासून नजर ठेवून आहेत, तिथल्या २४५ बबूनांचा अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात कळपात वरचढ असलेले नर घड्याळाप्रमाणे थोराड निघाले. बबून नराला वरची जागा मारामारी करून मिळते आणि राखायलाही झटावं लागतं. गंमत पुढेच आहे, ज्या नरांचे नमुने पुन्हा घेतले त्यांच्यात जो वर चढला त्याचं घड्याळ पुढे सरकलं आणि जो खाली घसरला त्याचं मागे रेललं. (इथे निदान वेगाबद्दल बोलायला जागा आहे, हे मान्य.) दुसऱ्या बाजूला वयचोर: ३० टक्के कमी खाऊ घातलेल्या म्हाताऱ्या ऱ्हीसस माकडांचं रक्तावरून काढलेलं वय खऱ्या वयापेक्षा सुमारे ७ वर्षांनी कमी आलं.

पण हे शब्द फक्त समजावण्यापुरते ठेवा हं. थोराड आपण अंगापिंडावरून, चेहऱ्यावरून म्हणतो, बघणाऱ्याला दिसतं म्हणून. रोज पर्वती चढणाऱ्या आजोबांना वयचोर म्हणतो तेव्हा त्यांचं रक्त कुणी तपासलेलं नसतं. शिवाय घड्याळाला सगळं कळतं असंही नाही, अंबोसेलीत लहानपणी हाल झालेल्या माद्या लवकर मरतात हे आधीपासून माहीत होतं, तरी त्यांच्या मिथाइलच्या हिशोबात ते हाल काही उमटले नाहीत.

जाता जाता दोन फुटकळ गोष्टी. प्रायमेटला सरसकट माकड लिहू नका, चिंपांझी हा कपी (बिनशेपटीचा, इंग्रजीत एप), माकड नव्हे, आणि सिंहगडावर हातातलं कणीस पळवतं ते माकड आणि काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर हा फरक तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. सगळे मिळून 'नरवानर गण', त्यात आपणही आलो. दुसरं म्हणजे अ‍ॅडल्टला 'वयस्क' अजिबात नको, हिंदीत वयस्क म्हणजे सज्ञान, मराठीत वयस्कर, म्हातारपणाकडे झुकलेला, आणि वयावरच्याच लेखात ८ वर्षांच्या धडधाकट ऱ्हीससला वयस्क म्हटलंत तर त्याला उगाच घरी बसवल्यासारखं होईल. 'पूर्ण वाढ झालेलं' लिहा.