व्हिडिओ चालू, लक्ष दुसरीकडे

प्रश्न : आमच्या कारखान्यात यंत्र-सुरक्षेचे प्रशिक्षण आता मोबाइलवर होते. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्न आणि प्रमाणपत्र. कामगार व्हिडिओ लावून फोन बाजूला ठेवतात आणि उत्तरे एकमेकांना विचारतात. गुण, बॅज, क्रमवारी हे सारे जोडून पाहिले, पण उत्साह पंधरवडाभरच टिकला. लोक खरोखर गुंगून जातील असे प्रशिक्षण कसे आखावे?
– एक वाचक, हिंगणा एमआयडीसी, नागपूर

उत्तर : आपण गुण आणि क्रमवारी जोडलीत, परंतु मूळ व्हिडिओ तसाच राहिला आणि त्या चाळीस मिनिटांत कामगाराला स्वतः ठरवावे लागेल असे काहीही नव्हते. अशा वेळी लक्ष उडणारच. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद अशा लोकांच्या तल्लीनतेचा अभ्यास केला, तेव्हा उद्दिष्ट स्पष्ट असणे, कृतीचा परिणाम लगेच कळणे आणि काम आपल्या कौशल्याच्या मानाने फार सोपे किंवा फार अवघड नसणे, या गोष्टी त्यांना पुन्हा पुन्हा आढळल्या. आपल्या व्हिडिओत यांपैकी एकही नाही.

म्हणून सुरुवात नियमाने न करता प्रसंगाने करावी. दुसरी पाळी संपत आली आहे, हायड्रॉलिक प्रेसच्या डायमध्ये (साच्यात) तुकडा अडकला आहे आणि सुपरवायझर म्हणतो, "दोन मिनिटाचं काम आहे, काढून घे नं, लॉट आजच निघाला पाहिजे." आता काय करायचे? इमर्जन्सी बटण दाबून हात घालायचा, की मुख्य स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावायचे? पहिला पर्याय निवडणाऱ्याला लाल फुली दाखवून मोकळे होऊ नये. इमर्जन्सी बटणाने यंत्र थांबले तरी मुख्य वीजपुरवठा तुटत नाही, सिलिंडरमध्ये दाब राहू शकतो आणि आधार नसलेला रॅम (प्रेसचा वरून खाली येणारा जड भाग) स्वतःच्या वजनानेही खाली येऊ शकतो, हे त्याला पडद्यावर घडताना दिसले पाहिजे. दुसरा पर्याय निवडणाऱ्यालाही लगेच सोडू नये. किल्ली कोणाच्या खिशात राहील, साठलेला दाब कसा सोडायचा, रॅमला आधार देणारा सेफ्टी ब्लॉक कुठे लावायचा, आणि शेवटी सुरू करण्याचे बटण दाबून यंत्र चालू होत नाही याची खात्री केली का, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे. चुकीचा पर्याय मोहात पाडणारा असला पाहिजे, कारण प्रत्यक्ष कामावर तो तसाच असतो. माझ्या मते सगळी मेहनत इथेच घ्यावी.

नवशिक्या आणि मुरलेला ऑपरेटर यांना एकच प्रसंग देऊ नये, कारण पहिला गोंधळेल आणि दुसरा कंटाळेल. निवेदक बोलत असताना तीच वाक्ये पडद्यावर लिहून दाखवणेही टाळावे. चित्रासोबत केवळ आवाज असेल तर सहसा अधिक समजते, असे शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसले आहे. मात्र यंत्रांच्या जागी आवाज फार असेल, तर मजकूर ठेवावाच.

परीक्षाही शेवटी एकदाच घेऊ नये. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, परंतु आठवड्यानंतर आठवून पाहण्याचा सराव केलेले पुढे निघाले. तेव्हा चाळीस मिनिटांचे सहा-सात मिनिटांचे तुकडे करावेत आणि आठवडाभराने त्याच प्रेसचा वेगळा प्रसंग विचारावा; प्रसंग प्रत्येकाला वेगळा आला की उत्तरे विचारून घेण्याची सोयही उरत नाही.

पहिला प्रसंग सर्वांना पाठवण्याआधी पाळी बदलताना चार-पाच ऑपरेटरांच्या हाती द्यावा, शेजारी उभे राहून पाहावे आणि ते न वाचता बटण दाबत सुटतात तो भाग नव्याने लिहावा. प्रसंगांसाठी बाहेर शोधाशोध करण्याची गरज नाही. अपघात होता होता वाचला अशा घटनांची नोंद आपल्या सुरक्षा विभागाकडे असेल, तर त्यांतून नावे वगळून हवे तितके प्रसंग मिळतील.