अपवाद मागणारा युक्तिवाद कसा तपासायचा

स्पेशल प्लीडिंग म्हणजे नियम सगळ्यांना लावायचा आणि स्वतःला मात्र सबळ कारण न देता वगळायचं. नवख्यांची चूक ठरलेली: अपवाद दिसला की लगेच ‘तर्कदोष!’ म्हणून ओरडायचं. रुग्णवाहिका लाल सिग्नल ओलांडते, तो दोष नाही. सिग्नल सुरक्षित वाहतुकीसाठी असतो; इथे जीव वाचवण्याची निकड आहे आणि तीच सूट कोणत्याही रुग्णवाहिकेला मिळते.

म्हणून आधी नियम एका वाक्यात लिहून काढा. मग अपवादासाठी दिलेलं कारण त्याखाली लिहा आणि बघा, ते कारण इतरांनाही लागू पडतं का? ‘बैठकीला सगळ्यांनी वेळेवर यावं, मला उशीर चालेल, मी कामात असतो.’ कामात तर सगळेच असतात! म्हणजे फरक दाखवलाच नाही. फरक असला, तरी त्याचा नियमाच्या हेतूशी संबंध हवा. ‘मी ज्येष्ठ आहे’ याचा वेळेशी काय संबंध?

जास्त चकवणारा प्रकार म्हणजे चाचणी फसल्यावर जोडलेली पळवाट. मनातलं ओळखण्याचा दावा करणारा हरला की म्हणतो, ‘शंकेखोर समोर असले की शक्ती चालत नाही.’ ही अट चाचणीआधी का नव्हती, हे विचारा. सूट मागणाऱ्यानेच ती सिद्ध करायची. ती चुकीची आहे हे दाखवणं तुमचं काम नाही.

मात्र युक्तिवाद सदोष ठरला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. तो फक्त अजून सिद्ध झालेला नसतो.