एमएसडब्ल्यू करून मेलबर्नला जायचंय? आधी फिल्डवर्कचे तास मोजा

कोथरूडला कर्वे समाज सेवा संस्थेत तुमचं एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, दुसरं वर्ष चालू आहे, त्याआधी बीकॉम झालंय. मेलबर्नला ही पदवी चालेल की तिथे पुन्हा शिकावं लागेल, असं तुम्ही विचारलंय. बीकॉमची काळजी सोडा. ऑस्ट्रेलियातही दुसऱ्या विषयाची पदवी घेऊन मग दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू करणारे असतातच. गाडी अडते ती फिल्डवर्कच्या, म्हणजे संस्थांमध्ये प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या, कागदांपाशी, आणि ते काम पुण्यात असेपर्यंतच नीट होतं.

स्किल्ड व्हिसासाठी पदवीची तपासणी ऑस्ट्रेलियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स करते. अर्जात सोशल वर्करचा व्यवसाय क्रमांक 272511. देशभर लागू असा नोंदणी कायदा तिथे नाही, म्हणून कित्येक जाहिरातींत 'या असोसिएशनच्या सदस्यत्वास पात्र' अशी अट असते. आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत 7 लागतात. बहुतेकांचं घोडं रायटिंगमध्ये अडतं. अटी बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा.

आता तास. तिथल्या पदवीला किमान 1,000 तासांचं फिल्डवर्क सक्तीचं आहे, त्याच्याशी तुमचं ताडून बघा. आठवड्याला 2 दिवस, दिवसाला 7 तास आणि सत्राला 15 आठवडे धरले तर एका सत्राचे 210, चार सत्रांचे 840 होतात. चार आठवड्यांची ब्लॉक प्लेसमेंट (संस्थेत सलग पूर्णवेळ काम), आठवड्याला 6 दिवस, म्हणजे आणखी 168. तेव्हा कुठे 1,008 भरतात. म्हणून ब्लॉक प्लेसमेंट उरकून टाकू नका. येण्याजाण्याचा वेळ, घरी बसून लिहिलेले रिपोर्ट आणि सुरुवातीच्या संस्थाभेटी यात मिसळू नका. फुगवलेला आकडा हजेरीपत्रकाशी जुळला नाही तर खऱ्या तासांवरही शंका येते.

गुणपत्रिकेवर फिल्डवर्कचे नुसते गुण किंवा क्रेडिट दिसतात. त्यामुळे कॉलेजच्या लेटरहेडवर वेगळं पत्र घ्या: प्रत्येक सत्रात कुठली संस्था, कधीपासून कधीपर्यंत, किती तास, कामाचं स्वरूप काय, देखरेख कोणाची आणि त्या व्यक्तीची समाजकार्यातली पदवी कोणती. हा शेवटचा मुद्दा हमखास राहतो. वस्तीतल्या संस्थेत ताई वीस वर्षं काम करत असतील, पण त्यांची पदवी समाजकार्याची नसेल, तर आयसी (फिल्डवर्कवरची वैयक्तिक चर्चा) घेणाऱ्या प्राध्यापकांचं नाव आणि पदवी पत्रात असायलाच हवी. सही प्राचार्यांची किंवा संचालकांची घ्या.

पुरावा म्हणून फिल्डवर्क जर्नल जोडायचा मोह होईल. तसंच्या तसं मुळीच पाठवू नका. जनता वसाहतीसारख्या वस्तीतल्या बाईचं नाव, नवऱ्याचं व्यसन, ससून रुग्णालयातला तपासणीचा निकाल, असं बरंच त्यात असतं. तिने ते तुम्हाला विश्वासाने सांगितलं, परदेशातल्या अर्जासाठी नाही. तारखा आणि कामाचा प्रकार यांचा तक्ता करा, ओळख पटेल असं सगळं काढा. असोसिएशनच्या 2020 च्या आचारसंहितेतली तीन मूल्यं म्हणजे व्यक्तीचा आदर, सामाजिक न्याय आणि व्यावसायिक सचोटी; त्यांतल्या पहिल्याची कसोटी तुमच्या अर्जापासूनच लागते.

दुसरी कसोटी नोंदींची. तिथे लोकांना स्वतःची फाइल मागून वाचता येते. 'आई निष्काळजी आहे' हा तुमचा निकाल झाला. 'मंगळवारी 4 वाजता गेले तेव्हा घरात दूध नव्हतं. आईने सांगितलं की पगार शुक्रवारी होतो' ही नोंद. ही सवय आत्ताच्या रिपोर्टांत लावून घ्या. नोकरीच्या मुलाखतीत ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कुटुंबांसोबतच्या कामाबद्दलही विचारतात. सरकारी धोरणाने त्यांची मुलं हिरावली गेली, त्यात कल्याण यंत्रणांचा हात होता आणि 13 फेब्रुवारी 2008 ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली, एवढं तरी माहीत हवं. घरात शिरणाऱ्या सोशल वर्करची भीती तिथे अजून जिवंत आहे.

तपासणीत तास कमी पडलेच, तर तिथे दोन वर्षांचं क्वालिफाइंग एमएसडब्ल्यू (दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांना सोशल वर्कर होण्यास पात्र करणारं) हा मार्ग आहे, पण महाग. त्यात 1,000 तासांची प्लेसमेंट बहुधा दोन हप्त्यांत आणि बिनपगारी असते. आठवड्याला 35 तास धरले तर 500 तासांना 14 आठवड्यांहून जास्त लागतात. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तास नोकरी करता येते. अभ्यासक्रमातली सक्तीची प्लेसमेंट त्यात धरत नाहीत, पण दिवसभर प्लेसमेंट करून वर नोकरीला अंगात त्राण उरत नाही. 1 जुलै 2025 पासून सरकार प्लेसमेंटच्या काळात भत्ता देतं, पण तो तिथल्या विद्यार्थ्यांना, आपल्याला नाही. कर्जाचा हिशोब मांडताना ते दोन्ही हप्ते जवळजवळ बिनकमाईचे धरा.