पाठमोरा हर्क्युलिस

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला, तांब्याचा पत्रा कोरून काढलेला छापा मिळाला. कथेची निवड उत्तम आहे; परंतु छायेसाठी रेघांवर रेघा चढवल्यामुळे काळोख तेवढा आला, अंगाची गोलाई आली नाही. म्हणून नवा पत्रा हाती घेण्यापूर्वी हेन्ड्रिक गोल्ट्झियसचा ‘फार्नेसे हर्क्युलिस’ हा ग्रीक पुराणातल्या महाबली वीराचा छापा निवांत पाहावास, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

बरोक या नाट्यमय युरोपीय कलाशैलीच्या उंबरठ्यावरचा, नेदरलँड्समधल्या हार्लेमचा हा कलावंत १५९१ मध्ये रोमला होता. तिथे रेखाटलेला प्राचीन पुतळा त्याने मायदेशी परतल्यावर तांब्यावर कोरला. प्रसिद्ध मात्र तो १६१७ मध्ये, त्याच्या निधनानंतर झाला. गदेवर रेललेला वीर त्याने पाठमोरा दाखवला आहे. खाली उभी असलेली दोन माणसे मान वर करून समोरून त्याच्याकडे पाहत आहेत; त्यांना थकवा दिसतो, पण पाठीमागे नेलेल्या उजव्या हातातली हेस्पेरिडीस या अप्सरांच्या बागेतली, महत्कष्टाने मिळवलेली सफरचंदे फक्त आपल्याला दिसतात, आणि त्या थकव्याचे कारण तिथे उमगते. पुराणकथा सांगण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

आता पाठीवरची एकच रेघ भिंगातून पाहा. ती केसासारखी बारीक सुरू होते, स्नायूच्या उतारावर फुगते आणि पुन्हा निमुळती होते. कोरणीचा दाब वाढला की चर खोल व रुंद होतो, त्यात शाई अधिक साठते; वळणासाठी मनगट न फिरवता चामडी उशीवरचा पत्राच डाव्या हाताने फिरवायचा असतो. बालपणी भाजल्यामुळे गोल्ट्झियसच्या उजव्या हाताची बोटे नीट उघडत नसत, आणि तरीही ही रेघ त्याच हाताची आहे.

अशा छाप्यांमुळे रोमला कधीही न गेलेल्यांच्या घरी ऑलिम्पसचे देव पोहोचले. चित्रकारांना या कथांचे किती अगत्य होते पाहा: चित्रकार-लेखक कारेल व्हॅन मांडरने १६०४ च्या आपल्या ग्रंथात रोमन कवी ओव्हिडच्या पुराणकथांचा अर्थ उलगडण्यासाठी स्वतंत्र भाग दिला. पुढे अँटवर्पमध्ये चित्रकार रुबेन्स आपल्या चित्रांवरून कोरलेल्या पत्र्यांचे चाचणी छापे मागवून त्यांवर स्वतः कुंचल्याने दुरुस्त्या करीत असे, इतका रंगांचे रेघांत नीट रूपांतर होण्यावर त्याचा कटाक्ष होता.

सध्या संपूर्ण प्रसंग बाजूला ठेव. हाताचा एकच दंड कोर, रेघा एकमेकींना कुठेही छेदू देऊ नकोस, आणि पहिला चाचणी छापा न सुधारता मला पाठव.

तुझा शुभचिंतक