वाचकांचे प्रश्न : महिला क्लब आणि राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा

प्रश्न : आमच्या शिवाजी पेठेतील पंधरा-सोळा मुली गेली काही वर्षे एकत्र सराव करीत आहेत. त्यांतील काही महाविद्यालयात शिकतात, दोघी नोकरी करतात. क्लब म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत उतरण्याची त्यांची इच्छा आहे. राजमाता जिजाबाई करंडकासाठी अर्ज कोणाकडे करावा?
(एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : राजमाता जिजाबाई करंडक ही क्लबांची स्पर्धा नाही, त्यामुळे तिच्यासाठी कोणत्याही क्लबाला अर्ज करता येत नाही. वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९९१ पासून खेळली जाते आणि २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तिला जिजाऊंचे नाव दिले. पुरुषांच्या संतोष करंडकाप्रमाणेच तेथे राज्यांचे संघ आणि रेल्वेसारखे विभागीय संघ उतरतात. या स्पर्धेवर मणिपूरचा दबदबा असा, की सर्वाधिक विजेतेपदे त्याच राज्याकडे आहेत. तुमच्या संघातील एखादी मुलगी या स्पर्धेत खेळू शकते, परंतु ती महाराष्ट्राच्या निवड चाचणीतून, महाराष्ट्राचा गणवेश घालून. पेठेचे नाव तेथे लागणार नाही.

क्लबांसाठीची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे इंडियन विमेन्स लीग. तिचा पहिला हंगाम २०१७ च्या प्रारंभी दिल्लीत झाला आणि मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने अंतिम सामन्यात ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबला ३-० असे हरवून विजेतेपद पटकावले. आता या लीगच्या खाली दुसरी श्रेणीही आहे आणि नव्या क्लबाला पहिले पाऊल याच दुसऱ्या श्रेणीत टाकावे लागते. तेथे जाण्याची वाट राज्यातून जाते : राज्य संघटनेच्या महिला लीगमध्ये यश मिळवायचे आणि राज्य संघटनेने आपले नाव पुढे पाठवायचे, असा हा क्रम आहे. महाराष्ट्रात ही राज्य संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, अर्थात विफा.

म्हणून मुंबईला विफाकडे पत्र पाठविण्याआधी घरचे काम उरकावे. क्लबाची संस्था म्हणून रीतसर नोंदणी करावी, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे संलग्नतेविषयी चौकशी करावी आणि प्रत्येक खेळाडूची नोंद महासंघाच्या संगणकीय नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, करून घ्यावी. या नोंदीत जन्मदाखल्यावरील नाव एक, आधार कार्डावरील दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तिसरेच, असा प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतो. मैदानावर गोल चुकला तर पुढच्या मिनिटाला भरून काढता येतो, दाखल्यावरचे अक्षर दुरुस्त करून घ्यायला मात्र कित्येक आठवडे जातात, आणि तोवर नोंदणीची मुदत उलटून गेलेली असते. सर्व मुलींची कागदपत्रे पावसाळ्यातच एकत्र करावीत. तसेही त्या दिवसांत गांधी मैदानावर पाणी साचलेले असते.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी इंडियन विमेन्स लीगमध्ये कोल्हापूरचा संघ खेळताना पाहिल्याचे आठवते. आता ते नाव दिसत नाही. आपल्या मुली खेळात कमी पडल्या असे समजायचे का?
(एक फुटबॉलप्रेमी, मंगळवार पेठ)

उत्तर : आपली आठवण बरोबर आहे. २०१८-१९ च्या हंगामात लुधियाना येथे आणि २०१९-२० च्या हंगामात बंगळूर येथे कोल्हापूरच्या नावाचा संघ या लीगच्या मुख्य फेरीत खेळला. पुरुषांच्या फुटबॉलसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहराचे नाव देशाच्या महिला स्पर्धेत लागले, याचे कौतुक आपल्याकडे व्हायला हवे होते तेवढे झाले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की दुपारी तीनपासून जागा धरणारे आपण लोक, लुधियानाचा निकाल दुसऱ्या दिवशी कितीजणांनी विचारला?

मात्र ‘कमी पडल्या’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्या दोन हंगामांनंतर स्पर्धेचा साचाच बदलला आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय कोणत्याही हौशी क्लबाचे मोजमाप करणे अन्यायाचे ठरेल.

लुधियानात १२ संघ होते. त्यांचे दोन गट केले होते, प्रत्येक संघाला गटात पाच सामने मिळाले आणि पुढे उपांत्य व अंतिम सामना झाला. विजेतेपद तमिळनाडूच्या सेतू एफसीने मणिपूर पोलीस संघाला हरवून मिळविले. सगळे संघ एकाच शहरात उतरतात, रेल्वेचा प्रवास जाताना एकदा आणि येताना एकदा, मुक्काम एकाच ठिकाणी. परीक्षा सांभाळून किंवा कार्यालयातून रजा काढून येणाऱ्या मुलींना हे झेपते. अर्थात यातही कष्ट कमी नसतात. सामन्यांमध्ये विश्रांती थोडी असल्यामुळे राखीव खेळाडूंचा कस लागतो, पहिल्या सामन्यात मुरगळलेला घोटा दुसऱ्या सामन्यापर्यंत बरा होत नाही, पिवळी कार्डे साठत जातात, आणि ज्या संघाकडे दुसरी गोलकीपर नाही त्याचा जीव सतत टांगणीला लागलेला असतो. अशा स्पर्धेत पहिल्या अकरा मुलींइतकेच महत्त्व बाकावरच्या सहाजणींना असते, आणि नवे क्लब नेमके हेच विसरतात.

२०२२-२३ पर्यंत साधारण हीच पद्धत होती. त्या वर्षी अहमदाबादला १६ संघ जमले होते आणि केरळच्या गोकुलम संघाने लागोपाठ तिसरे विजेतेपद मिळविले. पुढच्याच हंगामात, म्हणजे २०२३-२४ मध्ये, वरच्या श्रेणीत केवळ ७ संघ ठेवण्यात आले आणि सामने घरच्या व बाहेरच्या मैदानावर घेण्याची पद्धत आली. प्रत्येक संघाला १२ सामने, त्यांपैकी ६ परगावी. ओडिशा एफसी विजेती ठरली आणि त्यानंतरच्या हंगामात ईस्ट बंगालने बाजी मारली. यांतील बहुतेक क्लबांच्या पाठीशी मोठी संस्था, राज्य सरकार किंवा पुरुषांच्या लीगमध्ये खेळणारा संघ उभा आहे.

खेळाच्या दृष्टीने हा बदल योग्यच आहे. दोन-तीन आठवड्यांत उरकणाऱ्या स्पर्धेतून राष्ट्रीय संघाला लागणाऱ्या खेळाडू तयार होत नाहीत, त्यांना अनेक महिने सामने मिळावे लागतात. परंतु सहा वेळा दूरच्या शहरांत पंचवीस माणसे नेणे, ठेवणे आणि परत आणणे हा खर्च वर्गणीवर आणि एखाद्या दिलदार व्यापाऱ्याच्या देणगीवर चालणाऱ्या क्लबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. लुधियाना-बंगळूरला गेलेल्या मुलींइतक्याच चांगल्या मुली आज कोल्हापुरात निघाल्या, तरी केवळ त्यांच्या खेळाच्या जोरावर संघ वरच्या श्रेणीत टिकणार नाही. आपल्या तालमींनी पुरुषांचे संघ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहेत. त्याच तालमींनी त्याच नावाने आणि त्याच रंगाच्या जर्सीत मुलींचे संघ उभे केले, तर मैदान, जुने खेळाडू, वर्गणीदार आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक त्यांना आयते मिळतील. वेगळा क्लब काढून सगळे शून्यापासून जमविण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला तिचा क्लब स्पर्धेसाठी प्रवासखर्च, जेवण आणि बूट देतो. त्यामुळे ती व्यावसायिक खेळाडू ठरेल का? पुढे हौशी स्पर्धांत तिला अडचण येईल का?
(एक पालक, कसबा बावडा)

उत्तर : नाही. फिफाच्या नियमांनुसार ज्या खेळाडूचा क्लबाशी लेखी करार आहे आणि खेळण्यासाठी तिला येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त रक्कम मिळते, तीच व्यावसायिक. बाकी सर्व हौशी. तिकीट, खाणावळ आणि बूट ही खर्चाची भरपाई झाली. मात्र क्लबाने एखादा कागद सहीसाठी पुढे केला, तर तो घरी आणून नीट वाचावा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. ‘नुसती नोंदणी आहे’ असे सांगून कराराच्या कागदावर सही घेतली गेली, तर पुढच्या हंगामात दुसऱ्या क्लबाकडे जाताना खरी अडचण तेथे येते.

प्रश्न : मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत चेंडू लहान असतो आणि सामना कमी वेळाचा असतो, असे आमच्या ओळखीतील एक जुने खेळाडू सांगतात. हे खरे आहे का?
(एक क्रीडाशिक्षिका, राजारामपुरी)

उत्तर : वरिष्ठ महिलांसाठी असे काही नाही. चेंडू पुरुषांचाच, म्हणजे पाच नंबरचा, ६८ ते ७० सेंटिमीटर परिघाचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा. वेळही ४५ मिनिटांचे दोन डाव. सवलत लहान वयोगटांना असते.

परंतु त्या जुन्या खेळाडूंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पश्चिम जर्मनीच्या महासंघाने १९५५ मध्ये आपल्या क्लबांना महिला फुटबॉल खेळविण्यास मनाई केली होती. १९७० मध्ये ती उठविताना अटी घातल्या : डाव ३० मिनिटांचे, चेंडू लहान आणि बुटांना खिळे नकोत. १९७४ मध्ये तेथे महिला क्लबांचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद झाले आणि ते टीयूएस वोर्श्टाट या क्लबाने अंतिम सामन्यात ४-० असा विजय मिळवून जिंकले. इंग्लंडमध्येही १९२१ पासून सुमारे पन्नास वर्षे महासंघाशी संलग्न मैदानांवर महिलांना मज्जाव होता, आणि बंदी येण्याच्या आदल्याच वर्षी, २६ डिसेंबर १९२० रोजी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ या महिला संघाचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक जमले होते. गर्दी होत नव्हती म्हणून बंदी आली, असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहत नाही. आपल्या विद्यार्थिनींना मात्र सरावासाठी पाच नंबरचाच चेंडू द्यावा. चार नंबरवर हात बसलेली गोलकीपर मोठ्या स्पर्धेत उंच चेंडूला फसते.

प्रश्न : मी कोल्हापूरच्या क्लबाकडून नोंदणीकृत आहे. हंगामाच्या मध्यात पुण्याच्या एका क्लबाने बोलावले आहे. तिकडे खेळून परत इकडे येता येईल का?
(एक खेळाडू, उचगाव)

उत्तर : फिफाच्या सर्वसाधारण नियमानुसार एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी करता येते, परंतु अधिकृत सामने त्यांपैकी दोनच क्लबांकडून खेळता येतात. कोल्हापूर आणि पुणे हे तुमचे दोन क्लब झाले. त्यामुळे परत येण्यास या नियमाची आडकाठी नाही, मात्र प्रत्येक बदल नोंदणीच्या ठरलेल्या मुदतीत आणि सीआरएसमधूनच झाला पाहिजे. दोन्ही क्लब एकाच राज्य लीगमध्ये असतील, तर त्या लीगची नियमावली आधी मागवून वाचा, कारण ती याहून कडक असू शकते. पुण्याला होकार कळविण्यापूर्वी आपल्या क्लबाच्या सचिवांना प्रत्यक्ष भेटून सांगा, कारण हस्तांतराला संमती त्यांनाच द्यायची आहे.