हाताखालच्या माणसाची चूक मालकाने किती अंगावर घ्यावी?

तुम्ही विचारलंय की वडिलांचा वाहतुकीचा धंदा आता तुमच्याकडे आलाय, आणि चालकाने तुम्हाला न सांगता काही चुकीचं केलं तर त्यात तुमचा दोष किती. मी गोव्यातल्या डिचोलीचा. 2011 मध्ये माझे सहा ट्रक खाणीवरचा माल सारमानसच्या धक्क्यावर नेत होते. "मला ठाऊक नव्हतं" हे मी स्वतः म्हटलेलं आहे, म्हणून उत्तर देतोय.

एका संध्याकाळी माझ्या ट्रकने एका पोदेराच्या, म्हणजे पाव विकणाऱ्याच्या, सायकलला धडक दिली. मी पोचलो तेव्हा त्याला इस्पितळात नेलं होतं. टोपली रस्त्याकडेला उलटी पडलेली, वरचं निळं प्लास्टिक फाटलेलं आणि पाव खनिजाच्या धुळीत लाल झालेले. पायाचं हाड मोडलं, जीव वाचला. पोलिसांना मी सांगितलं, "साहेब, हळू चालव म्हणून रोज बजावतो चालकाला." खोटं नव्हतं ते. रोज सकाळी चावी देताना बजावायचोच.

रात्री ट्रिपांची वही काढली. पगार नावापुरता, खरी कमाई ट्रिपमागे, हा हिशेब मीच ठरवलेला. धक्क्यावर रांगेत तास गेला की तो रस्त्यावर भरून काढायचा, नाहीतर त्या दिवसाची एक ट्रिप बुडाली. त्या आठवड्यात त्याच्या नावापुढे रोज एक ट्रिप जास्त होती आणि प्रत्येकीपुढे माझ्या हातची बरोबरची खूण. एवढ्या वेळात एवढ्या ट्रिपा होतातच कशा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तोंडाने हळू जा म्हणत होतो, पैशाने जोरात जा म्हणत होतो. दोन पोरांचा बाप, तो पैशाचंच ऐकणार. खटला मात्र त्याच्यावर झाला. इस्पितळाचा खर्च मी दिला, पण कोर्टात त्याच्या शेजारी उभा राहिलो नाही. ते मला अजून सलतं.

जादा भाराबद्दल कायदाही मालकाला सहज सोडत नाही. मोटार वाहन कायद्याचं 113वं कलम वाचा: चालवणारा दुसरा असला तरी ते मालकाला ठाऊक होतं किंवा त्याच्याच हुकमाने झालं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो अन्याय वाटला होता. आता वाटत नाही.

अपघातानंतर तरी मी ट्रिपमागे पैसे देणं बंद केलं का? नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींचं काम थांबवलं, तेव्हा गाड्या उभ्या राहिल्या. पुढे एप्रिल 2014 च्या निकालात कळलं की गोव्यातल्या त्या खाणींच्या लीजांची, म्हणजे भाडेपट्ट्यांची, मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती, आणि त्यानंतरचं खाणकाम बेकायदा ठरलं. म्हणजे मी वाहिलेला मालही त्यातलाच. कागद बघायचं काम माझं नाही, असं आमच्याकडे सगळेच ट्रकवाले म्हणायचे. मीही.

आता तीनच ट्रक आहेत, चिरे आणि खडी वाहतो. चालकांना महिन्याचा पगार आहे, ट्रिपमागे काही नाही. खडी भरली की वजनकाट्याची पावती माझ्याकडे आलीच पाहिजे. त्यापायी दोन बांधकामवाले तुटले, कारण दुसरा ट्रकवाला एकाच खेपेत जास्त खडी टाकून देतो. पावसाळ्यात गाड्या जवळजवळ उभ्याच असतात, तरी पगार द्यावा लागतो. एका वर्षी त्यासाठी बँकेतली ठेव मोडली. बायको काही बोलली नाही, पण गणेशचवथीची खरेदी त्या वर्षी बेताचीच झाली. हे तुम्हाला सोपं जाईल असं मी म्हणणार नाही.

चालकांना उपदेश करण्याआधी वडिलांच्या वह्या काढा. कुणाला कशाचे पैसे मिळतात ते बघा. मग सगळ्यात जुन्या चालकाला घरी चहाला बोलवा आणि विचारा, "पात्रांव म्हणून मी तुला काय करायला लावतो?" पात्रांव म्हणजे आमच्याकडे मालक. तो लगेच बोलणार नाही. दुसऱ्यांदा बोलवा.